एकवीस दिवस मिटलेलं पोवळं

माझ्या सासऱ्यांनी आमची काचेची टाकी पहिल्यांदा पाहिली तेव्हा दोनच प्रश्न विचारले. "ह्यातलं खायचं काय?" आणि "मीठ विकत आनतेस?"

पहिला प्रश्न थट्टेचा होता. दुसरा विचारताना मात्र ते खरोखर दुखावले होते. किनाऱ्यावरच्या नवापूरचा माणूस, पन्नास वर्षं बोटीवर काढलेली, आणि त्याची सून बोईसरच्या फ्लॅटमध्ये, समुद्रापासून रिक्षाने अर्ध्या तासावर, पिशवीतलं मीठ बादलीत ढवळून समुद्राचं पाणी बनवत होती. मी त्यांना समजावलं की हे साधं मीठ नाही, त्यात कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम असतं, सगळं मोजून घातलेलं असतं. ते ऐकत होते, पण नजर बादलीवर होती. शेवटी म्हणाले, "समुद्रात कोन मोजून घालतो गो?"

मी तारापूरच्या एका रसायनाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर बाटल्यांतलं पाणी तपासायचं आणि आकडे लिहायचे. घरी येऊन पुन्हा पाणीच तपासायचं, याचं माझ्या माहेरच्यांना, पालघरच्या लोकांना, फार हसू यायचं. पण मला या टाकीने वेड लावलं होतं. सोफ्याएवढी लांब टाकी, तीत थोडे दगड, दोन नारिंगी मासे, एक कोळंबी, आणि मधोमध एक पोवळं. हे समुद्रातून काढलेलं नव्हतं. मुंबईच्या एका दुकानदाराने स्वतःच्या टाकीत वाढवलेल्या मोठ्या पोवळ्याचा, आपण जास्वंदीची फांदी तोडून द्यावी तसा, एक तुकडा मला कापून दिला होता. आणला तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढा होता. सासरे आमच्याकडे आले तोपर्यंत ताटलीएवढा झाला होता.

पोवळं म्हटलं की लोकांना अंगठीतला लाल खडा आठवतो. हे तसं नव्हतं. हे मऊ जातीचं. खाली जाड देठ आणि वर पसरलेली टोपी, पावसाळ्यात बांधावर उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्रीसारखी. टोपीवर शेकडो बारीक बोटं, प्रत्येकाच्या टोकाला चांदणीसारखं फूल. दिवा लागला की ही बोटं हळूहळू बाहेर यायची आणि पाण्याबरोबर डुलायची. आम्ही त्या पोवळ्याला छत्रीच म्हणायचो.

सासूबाई गेल्यावर सासरे नवापूरला एकटे पडले. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे बोटीवर जाणं बंद. बोट पुतण्याच्या ताब्यात दिली. माझा नवरा त्यांना बोईसरला घेऊन आला खरा, पण तो पडला शिफ्टचा माणूस, कधी सकाळी नाही, कधी संध्याकाळी नाही. मी सकाळी आठला बाहेर पडायची. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात दिवसभर सासरे आणि टाकी, दोघंच.

पहिले पंधरा दिवस त्यांनी टाकीकडे पाठ केली. मग एके संध्याकाळी मी कामावरून आले तर खुर्ची टाकीसमोर. मी चपला काढायच्या आत म्हणाले, "तुजी छत्री आज दहाला उघडली. तो लहाना मासा तिच्यात शिरतो, अंग घासतो. तिला गुदगुल्या होतात. मिटते आनि परत उघडते."

तेव्हापासून रोज मला असा अहवाल मिळू लागला. कोळंबी कुठल्या दगडाखाली होती, काचेवर शेवाळ कुठे आलं, पंपाचा आवाज कधी बदलला. त्यांना जवळचं नीट दिसायचं नाही, म्हणून नाक काचेला लावून बसायचे. मी घरी आले की पहिलं काम काचेवरचा नाकाचा डाग पुसायचं. तेव्हा त्याचा थोडा राग यायचा.

दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मी टाकीतलं एक डबा पाणी काढून तेवढंच नवं घालायची. ते बाजूला बसून सगळं बघायचे. नळी कशी धरते, पाणी किती हळू सोडते. "जोरात नको, घाबरल ती," असं मलाच सांगायचे.

त्या वर्षी डिसेंबरात माझ्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. मी आठवडाभर पालघरला जाऊन राहिले. टाकी सासऱ्यांच्या हवाली केली. माशांच्या खाण्याच्या रोजच्या पुड्या बांधून ठेवल्या, दिव्याला आपोआप लागण्या-विझण्याची सोय होतीच. "आणखी काही करू नका," एवढंच सांगितलं.

आठव्या दिवशी परत आले तेव्हा दार त्यांनी उघडलं, पण अहवाल दिला नाही. मी पिशवी दारातच टाकून टाकीकडे गेले. छत्री पूर्ण मिटली होती. एकही बोट बाहेर नव्हतं. टोपी आक्रसून एका बाजूला कलली होती, आणि वर मेणाचा हात फिरवल्यासारखा तुकतुकीत मातकट थर चढला होता. जुन्या भिजलेल्या चपलेसारखी दिसत होती.

"कधीपासून?"

"आज चौथा दिवस."

"काही घातलंत का पाण्यात?"

ते सरळ म्हणाले, "पानी बदललं. शुक्रवार होता. तू करतेस तसंच केलं, एक डबा काढला, एक डबा घातला. फडक्यातून गालून. खरं पानी घातलं, समुद्राचं."

तेव्हा मी जे बोलले ते अजून मला शब्द न् शब्द आठवतं. दवाखान्यातल्या जागरणाने थकले होते, असं मी पुढे अनेकदा स्वतःला सांगितलं. पण ती सबब आहे.

"बाबा, तुमचा समुद्र आता तो समुद्र राहिलेला नाही. तिथे तुमचे मासे टिकत नाहीत, तिथलं पाणी घालून हे काय जगणार? कुठल्या खाडीतलं आणलंत?"

"खाडीतलं नाय. आतलं हाय," एवढंच ते म्हणाले.

मी पुढे ऐकलंच नाही. बादली काढली, मीठ ढवळलं, नळी लावली. माझी पाठ त्यांच्याकडे होती. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर त्यांनी खुर्ची उचलून गॅलरीत नेली होती.

दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवी भरली. "चार दिवस घरी जाऊन येतो." मी म्हटलं, "डोळ्यांचं ऑपरेशन ठरवायचंय ना?" तर म्हणाले, "ते काय पलून जातंय?" नवऱ्याने त्यांना रिक्षात बसवून दिलं. जिना चढून आला आणि मला विचारलं, "काय झालं तुमच्यात?" मी सांगितलं.  त्याने टाकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आंघोळीला गेला. त्यापेक्षा भांडला असता तर बरं वाटलं असतं.

छत्री मिटलेलीच. मी रोज पाणी तपासत होते. खारटपणा बरोबर, बाकीचे आकडे बरोबर. निम्म्याहून जास्त पाणी मी बदलून टाकलं होतं. तरी टोपीवरचा थर वाढत चालला होता, आता त्यावर शेवाळही धरू लागलं होतं. घरी येऊन तिच्यासमोर उभं राहायचं, एवढंच हातात होतं. आणि संध्याकाळी दारातून आत आल्यावर घरात कुणी काही सांगत नाही, हे मला फार जाणवू लागलं. पंपाची घरघर ऐकू यायची. आधीही ती तेवढीच असणार.

छत्री मिटल्याच्या दहाव्या दिवशी गॅलरी धुताना कोपऱ्यात निळा डबा दिसला. झाकण घट्ट लावलेला, तळाशी दोन-तीन लिटर पाणी. सासऱ्यांनी उरलेलं पाणी फेकलं नव्हतं. मी झाकण उघडून वास घेतला. कसलाच वास नाही. थोडं पाणी बाटलीत भरलं आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारून जेवणाच्या सुट्टीत ते तपासायला घेतलं.

खरं सांगायचं तर मला त्या पाण्यात दोष सापडायला हवा होता. म्हणजे आपण बोललो ते बरोबर ठरलं असतं. पण एकामागून एक आकडे येत गेले आणि मी ते लिहीत गेले. खारटपणा जवळजवळ माझ्या टाकीइतकाच. बाकी सगळंही ठीक. एका बाबतीत तर ते माझ्या टाकीतल्या पाण्यापेक्षा स्वच्छ होतं. खात्री करून घ्यायला मी तीच चाचणी पुन्हा केली. आकडा तोच.

त्या संध्याकाळी मुंबईच्या दुकानदाराला फोन केला. त्याने आधी विचारलं, "वास येतो का? देठ मऊ पडून गळतोय का?" मी म्हटलं, नाही, उलट घट्ट आहे. तो हसला. "मग मेलं नाही, मॅडम. या जातीचं पोवळं असं करतं. वरची कातडी टाकायची असली की मिटून बसतं, कधी चार दिवस, कधी तीन आठवडे. त्याला त्रास देऊ नका. पाणी सारखं बदलत असाल तर तेही थांबवा."

म्हणजे त्रास मीच देत होते.

शुक्रवारी मी रिक्षा पकडून एकटीच नवापूरला गेले. पाम गाव मागे पडलं की हवेला खारा वास सुरू होतो. लग्न होऊन आले तेव्हा त्या वासाने माझं डोकं दुखायचं. त्या दिवशी मात्र तो वास आला आणि रडूच यायला लागलं. किनाऱ्यावर बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातले होते, बायका ते उलटेपालटे करत होत्या.

घराच्या अलीकडेच सासऱ्यांचा पुतण्या भेटला, बोट आता तोच चालवतो. मी विचारलं, "बाबांना पाणी तुम्ही आणून दिलं होतं का?"

"मी कशाला देतोय?" तो म्हणाला. "काका सोताच आला बोटीवर. आमी नको म्हनत होतो, डोले असे, चढताना पाय घसरला त्याचा. पन ऐकतो काय? इथलं पानी त्याला चालंना, तिथलं चालंना. पार आत नेली बोट, बारा वाव पानी लागलं तवा डबा बुडवला. सोताच्या हातानं भरला. सुनेच्या टाकीला पायजे म्हनाला."

एक वाव म्हणजे माणसाने दोन्ही हात पसरले की होते तेवढी लांबी. बारा माणसं एकाखाली एक. मी घराकडे निघाले.

सासरे ओट्यावर बसून जाळ्याची फाटलेली जागा बांधत होते. डोळ्यांनी नाही, बोटांनी. भोक चाचपायचं, दोरा ओढायचा, गाठ मारायची. मी शेजारी बसले.

"बाबा, डब्यातलं उरलेलं पाणी तपासलं मी. कारखान्यात."

हात थांबले नाहीत. "मंग?"

"चांगलं होतं. माझ्या पाण्यापेक्षा चांगलं."

"मशीननं सांगितलं?"

"हो."

"दोनदा बघितलंस?"

"दोनदा बघितलं."

आता त्यांनी जाळं खाली ठेवलं. ते हसले नाहीत, पण चेहरा सैल झाला. मी म्हटलं, "मी चुकले. असं बोलायला नको होतं."

 आमच्याकडची जुनी माणसं माफ केलं वगैरे बोलत नाहीत. समोर बोटी लागल्या होत्या, तिकडे तोंड करून बसले. मग विचारलं, "अजून मिटलेलीच हाय?"

"हो. वर साय धरल्यासारखं झालंय. दुकानदार म्हणाला, कातडी टाकते."

"टाकनारच," ते म्हणाले, जणू यात विशेष काही नाही. "चिंबोरी नाय टाकत? चिंबोरीचं कवच लहान पडलं की ती बिलात जाऊन बसते. खात नाय, हलत नाय. आमी लहान असताना मेली समजून फेकून द्यायचो, मंग बाप ओरडायचा. कवच टाकते तवा आतून इतकी मऊ असते, बोट लावलं तरी फाटल. कोलंबी तेच करते. तुज्या टाकीतली कोलंबी मागल्या महिन्यात कवच टाकून बसली होती, तुला सांगितलं नव्हतं मी?"

सांगितलं होतं. मी मान हलवली होती आणि चहा ठेवायला गेले होते.

"मग त्या दिवशी का नाही बोललात, बाबा? मी इतकी घाबरले होते."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "चोर मला ठरवला होतास. चोरानं कसं सांगायचं, की घरात चोरी झालीच नाय?"

 त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. आत जाऊन त्यांनी सुक्या बोंबलांची एक जुडी कागदात गुंडाळून आणली, आणि मी काही म्हणायच्या आत चपला घातल्या. पिशवी भरलेलीच होती. बहुतेक आल्यापासून उघडलीच नव्हती.

बोईसरला आल्यावर खुर्ची पुन्हा टाकीसमोर आली, आणि टाकीचे नियम आता त्यांनी ठरवले. हात घालायचा नाही. रोज पाणी तपासायचं नाही. दिवा नेहमीसारखा. "बालंतिनीच्या खोलीत सारखं कोन डोकावतं?" ते म्हणाले. मला हे फार अवघड गेलं. माझं सगळं आयुष्य मोजण्यात गेलेलं. पण मी बाटल्या कपाटात ठेवल्या.

एकोणिसाव्या दिवशी मी कामावर असताना त्यांचा फोन आला. ते कधी फोन करत नसत, त्यांना नंबर दिसायचे नाहीत. शेजारणीकडून लावून घेतला होता.

"सुटली," ते म्हणाले. एवढंच. मागून शेजारीण विचारत होती, "कोण सुटली, काका? कुठल्या दवाखान्यात?"

मी साहेबांना काहीतरी सांगून दोन तास आधी निघाले. घरी आले तर टोपीच्या कडेला कातडीचा एक पातळ पदर सुटून पाण्यात हलत होता, उकळलेल्या दुधावरच्या सायीसारखा. एका बाजूने अजून चिकटलेला. "आता हात लावला तर चालेल?" मी विचारलं. त्यांनी विचार केला. "हात नको. वारा दे नुसता."

स्वयंपाकघरातली रिकामी पिचकारी घेऊन मी टाकीतलंच पाणी तिच्यात ओढलं आणि लांबून हळूच सोडलं. साय हलली. परत सोडलं. एका बाजूचा मोठा तुकडा सुटला आणि गिरकी घेत वर आला. खाली टोपी उजळ, फिकट, ताजी. सासऱ्यांचं नाक काचेला लागलेलं. "त्या अंगाला राहिलंय. डाव्या. अजून. हां, गेलं." बाहेरून ते सांगत होते आणि मी सोडत होते. जाळीने सगळे तुकडे गोळा केले तेव्हा ते जेमतेम मूठभर भरले. नवरा शिफ्टवरून आला तेव्हा आम्ही दोघं ओल्या बाह्यांनी जमिनीवर बसून बोंबलांचं कालवण आणि भात खात होतो. त्याने विचारलं, "जिवंत आहे?" सासरे तोंडात घास असताना म्हणाले, "तिला काय झालं होतं?"

एकविसाव्या दिवशी सगळी बोटं बाहेर आली. टोपी आधीपेक्षा रुंद दिसत होती. ते खरंच होतं की आम्हांला तसं वाटत होतं, ते मी मोजलं नाही.

पुढे फेब्रुवारीत त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटून घरी आल्यावर ते टाकीसमोर बसले, या वेळी काचेला नाक न लावता. मग म्हणाले, "हिरवी हाय? मी मातीच्या रंगाची समजत होतो." इतके दिवस त्यांनी तिचा रंग पाहिलाच नव्हता. हालचालीवरून सगळं ओळखत होते.

ते आमच्याकडे आणखी चार वर्षं राहिले. छत्रीने त्या काळात कितीदा तरी कात टाकली. कुणी पाहुणा आला आणि ती नेमकी मिटलेली असली, की ते त्याला अभिमानाने सांगायचे, "आत काम चाललंय." शेवटचं वर्ष मात्र त्यांनी नवापूरला काढलं, हट्टाने, स्वतःच्या घरात. मी शुक्रवारी जायची तेव्हा ते माझ्या आईची, कारखान्याची, मग टाकीची, अशा क्रमाने चौकशी करायचे. ते गेले ते दिवसा, दुपारच्या जेवणानंतर, ओट्यावर पडल्या पडल्या. पुतण्याला वाटलं झोपलेत.

मागच्या वर्षी आम्ही पालघरला राहायला आलो, आईजवळ. टाकी हलवणं हे मोठं प्रकरण होतं. अर्धं पाणी डब्यांत, मासे बादलीत, छत्री तिच्या दगडासकट माझ्या मांडीवरच्या टबात. नवऱ्याने गाडी इतकी हळू चालवली की मागच्या गाड्या हॉर्न वाजवून थकल्या. नव्या घरी ती आठ दिवस मिटून राहिली. मी कुणाला फोन केला नाही.

नवऱ्याने इतक्या वर्षांत त्या टाकीत कधी हात घातला नव्हता. त्या आठवड्यात शुक्रवारी मी उठले तर त्याने मीठ ढवळून ठेवलं होतं आणि नळी हातात घेऊन उभा होता. "किती हळू सोडायचं?" त्याने विचारलं. मी दाखवलं.